तळटीपेतली बाई

“म्याडम, ह्यात मी कुठं हाय?”

हा प्रश्न मला ज्या बाईंनी विचारला त्यांनी लहानपणीच पायात चाळ बांधले आणि पंचेचाळीस वर्षं संगीत बारीत काढली. मी त्यांना आक्का म्हणते. लावणीच्या अदाकारीवरचा माझा शोधनिबंध छापून आला होता आणि त्याची प्रत द्यायला मी मोठ्या हौसेनं त्यांच्या घरी गेले होते. पहिल्या पानावर निबंधाचं शीर्षक, खाली माझं नाव, माझी पदवी, माझा हुद्दा. आक्कांचं नाव नवव्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात. ‘मुलाखत’, आणि पुढे तारीख. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाल्या, “समदं तर मीच बोलले न्हवं? मग मी हितं खाली का?”

मला उत्तर देता आलं नाही. चहा पिऊन मी निघून आले. त्या निबंधाचे गुण माझ्या बढतीच्या अर्जात धरले गेले आणि मला बढती मिळाली. आक्कांना काय मिळालं? एक प्रत.

ही गोष्ट माझ्या लाजेची आहे. पण ती माझ्या एकटीच्या लाजेची नाही, म्हणून ती आपल्या या पानांवर मांडते आहे. पंचवीस वर्षं मी नाटक शिकवते आहे, नाटकावर संशोधन करते आहे, जमेल तेव्हा स्वतः उभी राहते आहे. एवढ्या काळात माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली आहे. आपल्या विद्यापीठांतल्या नाट्यशिक्षणाला बाईचं अंग चालतं, तिचा आवाज चालतो, तिचे कष्ट तर हवेच असतात. चालत नाही ते तिचं ज्ञान. बाई अभ्यासाचा विषय होऊ शकते, अभ्यास शिकवणारी होऊ शकत नाही. आणि ती बाई खालच्या मानलेल्या जातीतली असेल तर विषय व्हायलाही तिला मरेपर्यंत थांबावं लागतं.

अभ्यासक्रमापासून सुरुवात करू. मराठी रंगभूमीचा इतिहास आम्ही १८४३ सालच्या सांगलीपासून, विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून शिकवतो. मग किर्लोस्कर, १८८० चं ‘शाकुंतल’, मग देवल, खाडिलकर, गडकरी. या काळात या रंगमंचावर सीता होती, शकुंतला होती, पण बाई नव्हती. तिचं सोंग पुरुष घेत. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांची लुगडी, त्यांचे दागिने, त्यांचे गजरे बघून घरंदाज बायका तशा नटू लागल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं, कसं लाजावं हे बाईला पुरुषानं शिकवलं, आणि त्या काळाला आम्ही सुवर्णकाळ म्हणतो. बालगंधर्वांच्या गळ्याबद्दल आणि कलेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली. त्याच जमान्यात पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहत होत्या आणि त्यांना बघायला लोक लोटत होते. हिराबाई पेडणेकरांनी १९०४ साली ‘जयद्रथ विडंबन’ आणि १९१२ साली ‘दामिनी’ ही नाटकं लिहिली.

म्हणजे बाया होत्या. गात होत्या, नाचत होत्या, लिहीतसुद्धा होत्या. मग आमच्या प्रश्नपत्रिकेत ‘मराठी रंगभूमीवर स्त्रीचं आगमन’ केव्हा होतं? १९३३ साली, ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात, ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांच्या रूपानं. त्या दोघींचं धाडस मी कमी लेखत नाही. पण घरंदाज बाई आली तेव्हा ‘स्त्री’ आली, आणि तिच्या आधी उभ्या असलेल्या महार, मांग, कोल्हाटी, कलावंतीण बाया कोण होत्या? त्या सगळ्या आमच्याकडे ‘लोककला’ नावाच्या ऐच्छिक पेपरात आहेत. सक्तीच्या पेपरात पुरुषांनी वठवलेल्या बायका आणि ऐच्छिक पेपरात खऱ्या बायका, अशी ही वाटणी आहे.

शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावतींवर निबंध लिहिला. या बायांच्या लैंगिकतेवर आणि श्रमांवर वरच्या जातींनी आपली सत्ता कशी चालवली, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवलं. आमच्या विभागाच्या वाचनाच्या यादीत मी तो निबंध घातला. अभ्यास मंडळाच्या बैठकीत तो वगळला गेला. कारण काय, तर “हे समाजशास्त्र झालं, बाई. नाटक कुठे आहे यात?”

आता वर्गात काय सांगितलं जातं ते बघा. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आमच्याकडे दर वर्षी सांगितली जाते. दिवस भरलेल्या असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे आल्या. वर्गातल्या मुलामुलींच्या अंगावर काटा येतो. “याला म्हणतात निष्ठा!” असं शिक्षक म्हणतात. त्या बाईला त्या रात्री नाचावं का लागलं, एक रात्र खेळ थांबला असता तर कुणाचं किती नुकसान झालं असतं, तिच्या पोटावर किती पोटं अवलंबून होती, हे कुणी विचारत नाही. २००२ साली विठाबाई गेल्या त्या हलाखीतच गेल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देत आलं.

हे सगळं जुनं झालं असं म्हणू नका. ज्या वर्षी ही गोष्ट सांगताना मी शेवटची ऐकली, त्या वर्षी आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मुलगी आठव्या महिन्यातही उभी राहून आवाजाचे व्यायाम घेत होती. तासिकेवर म्हणजे जितके तास तितके पैसे. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. तिला विचारलं, तर ती हसली. “मॅडम, मी रजेवर गेले तर माझे तास दुसऱ्याला जातील, आणि परत यायचं म्हटलं तर जूनमध्ये नवी मुलाखत.” मी स्वतः अकरा वर्षं तासिकेवर काढलेली आहेत, तेव्हा तिचं हसणं मला नीट कळलं. विठाबाईंना दगड तरी हाताशी मिळाला. हिला तर नाळ कापायलाही रजा नाही. आणि तिच्याच शेजारच्या वर्गात ‘निष्ठे’वर व्याख्यान चालू.

विभागातली श्रमविभागणी आपल्या घरातल्यासारखीच. दिग्दर्शन, अभिनयाचे सिद्धान्त, नाट्यशास्त्र हे विषय पुरुषांकडे. वेशभूषा, रंगभूषा, बालनाट्य आणि ‘समन्वय’ आम्हा बायकांकडे. समन्वय म्हणजे काय? पाहुण्यांच्या जेवणाचे डबे सांगायचे, सभागृहाच्या किल्लीसाठी खेटे घालायचे, आणि मुलींच्या घरी फोन करून “तालीम दहाला संपेल, मी स्वतः सोडायला येते” असं त्यांच्या आईवडिलांना पटवायचं. रात्रीच्या तालमी माझ्या शब्दावर चालत. प्रयोगाच्या जाहिरातीत माझं नाव ‘विशेष आभार’ या सदरात येई.

मी तासिकेवरून कायम झाले, पहिली बढती मागितली तेव्हाची मुलाखत सांगते. माझा एकपात्री प्रयोग होता, ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांवरचा. त्यासाठी दोन हंगाम मी टोळ्यांबरोबर हिंडले होते, कोपींत राहिले होते. मोळी उचलताना बाईची मान कशी वळते, पोटुशी असली तर ती कशी वाकते, मुकादम आला की आवाज कुठल्या पट्टीत जातो, हे सगळं मी अंगात घेतलं होतं. समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, “हे तुमचं हौसेचं काम झालं. संशोधन काय केलंत?” शेजारीच बसलेल्या सहकाऱ्याच्या अर्जात त्याची दिग्दर्शनं ‘सर्जनशील योगदान’ या शीर्षकाखाली धरली गेली होती. माझी मात्र हौस. मी जे अंगानं मांडलं तेच वीस पानं लिहून मांडलं असतं, खाली तळटीपा लावल्या असत्या, तर ते संशोधन झालं असतं.

पुढल्या खेपेला मी शहाणी झाले. आक्कांवर वीस पानं लिहिली आणि तळटीपा लावल्या. मैत्रिणींनो, मला सांगायचंय ते हेच. ही व्यवस्था आपल्याला बाहेर ठेवते तेव्हा आपल्याला ती दिसते. ती आपल्याला आत घेते, तेव्हा दुसऱ्या बाईच्या पाठीवर पाय देऊन चढायला शिकवते, आणि ते आपल्याला दिसत नाही.

त्या वीस पानांच्या आधी एक कार्यशाळा झाली होती. मीच आक्कांना चार दिवस विभागात बोलावलं होतं. पहिल्या दिवशी मुलं जरा खिदळत होती. आक्का खाली बसल्या, पदर सावरला, आणि लावणीची एकच ओळ त्यांनी बसल्या जागी अर्धा तास केली. एकदा नवऱ्याला, एकदा दिराला, एकदा मेलेल्याला, एकदा स्वतःलाच. दर वेळी शब्द तेच, पण कधी नजर आधी जायची आणि स्वर मागून, कधी स्वर आधी आणि नजर जायचीच नाही. ज्याला आम्ही ‘उपपाठ्य’ असा बोजड शब्द वापरून दोन सत्रं शिकवतो, ते मुलांना अर्ध्या तासात कळलं. नाचताना एका मुलीचा ठेका चुकत होता. आक्का म्हणाल्या, “कान मिट. ढोलकी कानानं न्हाई, टाचंनं ऐकायची.” तिसऱ्यांदा मुलीचा पाय बरोबर पडला.

चौथ्या दिवशी एका मुलीनं भीत भीत विचारलं, प्रेक्षकांतला कुणी अंगाशी आला तर काय करायचं? आक्कांनी तिला उभं केलं. “पयल्यांदा बघ त्यो बसलाय कसा. टेकून बसला तर निस्ता बघणारा. गुडघं फुडं काढून बसला तर हात टाकणारा.” मग त्यांनी शिकवलं: ठेका न सोडता दोन पावलं मागं कशी घ्यायची, गिरकी घेताना पदराचं टोक आपल्या आणि त्याच्या मधे कसं पडेल, हसू तसंच ठेवून डोळे कसे कठोर करायचे, आणि ढोलकीवाल्याला कुठली खूण केली की तो लय वाढवून आपल्याला तिथून काढून नेतो. हे नुसतं स्वसंरक्षण नव्हतं. रंगमंचावरचं अंतर, लय, प्रेक्षकाशी नातं, सहकलाकाराशी अबोल बोलणं, सगळं त्यात होतं. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी जिवावर बेतून जमवलेलं शास्त्र होतं ते. आमच्या ग्रंथालयात त्यावर एक ओळ नाही, कारण ज्यांना ते माहीत होतं त्यांच्याकडे कुणी लेखणी दिली नाही.

कार्यशाळा संपली. आक्कांचं मानधन कुठल्या खात्यात दाखवायचं हा प्रश्न आला. कार्यालयानं ‘सांस्कृतिक कार्यक्रम : कलाकार’ असं लिहिलं. एस.टी.चं तिकीट जोडलं नव्हतं म्हणून प्रवासखर्च कापला. पुढल्याच महिन्यात मुंबईहून एक दिग्दर्शक दोन दिवसांसाठी आले. ते ‘अतिथी व्याख्याते’. आक्कांच्या चार दिवसांच्या पैशांपेक्षा त्यांच्या एका दिवसाचे जास्त होते. दोन्ही व्हाउचरांवर समन्वयक म्हणून सही माझी आहे.

“पण नियम तसे आहेत,” असं म्हणतात. तर नियमही बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत परंपरेनं शिकलेल्या कलावंताला शिक्षक म्हणून घेण्याची वाट ठेवली आहे. संगीतात नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी असलेला कलावंत या वाटेनं येऊ शकतो. नाटकात मात्र त्याच वाटेवर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची किंवा तशाच मान्य संस्थेची प्रथम श्रेणीतली पदवी वा पदविका मागितली आहे. म्हणजे दार ठेवलं आणि त्याला पदवीचं कुलूप घातलं. फडात वाढलेली बाई ही पदवी कुठून आणणार? यमुनाबाई वाईकरांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्या वारल्या. देशानं त्यांचा सन्मान केला, पण नाटकाच्या या अटीवर त्या साधी साहाय्यक प्राध्यापिका व्हायलाही अपात्र ठरल्या असत्या.

२०२२ साली आयोगानं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची योजना आणली. पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. हे वाचून मला वाटलं, आता तरी! आमच्या बैठकीत नावं निघाली ती एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याचं, एका जाहिरात कंपनीतल्या गृहस्थांचं आणि एका मालिका-दिग्दर्शकाचं. फडातल्या बाईचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. लोक हसतील अशी मला भीती वाटली. तेव्हा नुसत्या नियमांना दोष देऊन भागत नाही. नियमानं दार किलकिलं केलं तरी आत कुणाला बोलवायचं हे आपल्या डोक्यातली जात ठरवते.

दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला बाहेरचा: दर्जाचं काय? उद्या कुणीही नाचणारी प्राध्यापक होईल! माझं म्हणणं, दर्जा जरूर तपासा. शिकवून दाखवायला सांगा, मुलांना विचारा. पण पदवी म्हणजेच दर्जा असेल, तर नेट उत्तीर्ण होऊन आलेले आणि जन्मात रंगमंचावर पाऊल न ठेवलेले किती जण अभिनय शिकवतात, तेही एकदा तपासू.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून तो जास्त महत्त्वाचा. आपल्या शिबिरांत मैत्रिणी मला विचारतात, “लावणी म्हणजे पुरुषांच्या नजरेसाठी केलेला बाईचा बाजार. त्याचा उदोउदो आपण का करायचा?” मी उदोउदो करत नाही. दौलतजादाच्या नोटा कशा अंगावर येतात, मालक किती घेतो, बाईला म्हातारपणी कोण विचारतं, हे मी आक्कांच्याच तोंडून ऐकलं आहे. पण विडी कामगार बाईचं शोषण होतं म्हणून तिला विडी वळता येत नाही, असं आपण म्हणतो का? शोषण होतं ते तिच्या कसबाचंच होतं. कसब नाकारलं की तिचे कष्टही नाकारले जातात, आणि ती नुसती ‘बिचारी’ उरते. बिचारीला आपण सोडवायला जातो, तिच्याकडून शिकायला जात नाही. आणि गंमत अशी की तीच लावणी सुशिक्षित घरातली मुलगी महोत्सवात करते, तेव्हा ती ‘कला’ असते. नजर पुरुषाचीच, नोटांऐवजी टाळ्या, आणि तिला कुणी सोडवायला जात नाही!

आपल्या चळवळीनं हे वेगळ्या तऱ्हेनं करून दाखवलेलं आहे, हे विसरू नये. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेनं गावोगाव नेलं. सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली ‘व्हय, मी सावित्रीबाई’ उभं केलं आणि पुढे तमाशातल्या बायांना भेटून, ऐकून ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ केलं. हे संशोधन नव्हे तर काय आहे? पण आमच्या इतिहासाच्या पेपरात यांना जागा ‘सामाजिक उपक्रम’ म्हणून. तेव्हा पवळाबाईंना आणि आपल्याला बाहेर ठेवणारी भिंत एकच आहे. तिच्या पायथ्याशी त्या आधीपासून उभ्या आहेत, आपण नंतर आलो, एवढाच फरक.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नाटकाच्या शिक्षकभरतीतली परंपरेच्या कलावंतांसाठीची पदवीची अट काढा. फडातल्या, बारीतल्या बायांना बोलावलं तर शिक्षक म्हणून बोलवा, शिक्षकाचं मानधन द्या, परीक्षेत गुण द्यायचा अधिकार द्या. ज्या बाईच्या ज्ञानावर प्रबंध उभा राहतो तिचं नाव लेखकांत घाला आणि प्रबंध तिला वाचून दाखवल्याशिवाय स्वीकारू नका. केलेला प्रयोग संशोधन म्हणून धरायचा तर बाईचाही धरा. तासिकेवरच्या शिक्षिकेला बाळंतपणाची पगारी रजा आणि परतल्यावर तेच तास द्या. ‘स्त्रीचं आगमन’ हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढा आणि त्याजागी विचारा: ‘कुठल्या स्त्रीला आम्ही येऊ दिलं नाही?’

आणि मैत्रिणींनो, एक काम आपलं. आपापल्या तालुक्यात अशा बाया आहेत. कुणी थकल्या आहेत, कुणी अजून सुपाऱ्या घेतात. त्यांच्याकडे टेप घेऊन जाऊ नका, आधी शिकायला जा. त्यांनी होकार दिला तर त्यांची नावं आणि त्या काय शिकवू शकतात हे या मासिकाकडे पाठवा. ती यादी घेऊन आपण कुलगुरूंकडे जाऊ. “अशी माणसं मिळत नाहीत” हे उत्तर मी फार वेळा ऐकलं आहे.

गेल्या वर्षी मी नवा निबंध लिहिला, लेखिका म्हणून दोघींची नावं घालून. आधी आक्कांचं. संपादकांचा फॉर्म आला. ‘प्रथम लेखकाची शैक्षणिक पात्रता’ असा रकाना होता. मी आक्कांना फोन केला, काय लिहू?

“पंचेचाळीस वर्सं, लिव्हा,” त्या म्हणाल्या.

मी तसंच लिहिलं. फॉर्म परत आला आहे, ‘रकाना अपूर्ण’ असा शेरा मारून. मी तो त्याच उत्तरासह पुन्हा पाठवला आहे आणि पाठवत राहणार आहे.